जोडीचं कार्ड

आळेफाट्यावर हल्ली कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा, काउंटरवरची पोरगी सामानाकडे बघायच्या आधी विचारते, "मोबाईल नंबर?" एकट्या माणसाला हा प्रश्न सोपा आहे. नवरा-बायको जोडीने गेले की खरी परीक्षा. परवा साबण, शेंगदाणे, फिनेल आणि पोराच्या वह्या मिळून 1,240 रुपयांचं बिल झालं. मी नंबर सांगायला लागलो. अठ्ठ्याण्णव बावीसपर्यंत पोचलो असेन नसेन, तोवर मागून आमच्या हिने तिचा नंबर खणखणीत आवाजात सुरू केला. पोरीने दोन्ही हात वर उचलले आणि म्हणाली, "कुठला तरी एकच चालंल, सर." मागे रांगेत उभ्या असलेल्या बाप्याने सल्ला दिला, "बाईंचाच घाला हो. येळ वाचंल." बाईंचा घातला. बारा पॉइंट जमा झाले.

बारा पॉइंटांचे तीन रुपये होतात. पण ही दुकानातून बाहेर पडली ती सोसायटीचं कर्ज माफ झाल्यासारखी.

आमच्या घरात सातबारा माझ्या नावावर, विहीर माझ्या नावावर, मोटारीचं वीजबिल माझ्या नावावर. पीककर्ज तर निराळं सांगायलाच नको. म्हणजे जे जे फेडायचं ते माझ्या नावावर आणि जे जे साठायचं ते हिच्या नंबरावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढली होती. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा, असं त्यांचं सांगणं होतं. आमच्याकडे ती चळवळ सातबाऱ्यापर्यंत यायची राहिली, पॉइंटांपर्यंत मात्र बरोबर पोचली.

आणि पॉइंट हा काही शहरातून आलेला आजार नाही. रंगाच्या डब्यात टोकन निघतं ते रंगाऱ्याचं. घर आपलं, डबा आपल्या पैशाचा, ओघळ आलेली भिंतही आपलीच, पण टोकन रंगाऱ्याने खिशात घालायचं असा अलिखित नियम आहे आणि तो कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. खता-औषधांचं त्याहून मोठं. औषध मी फवारायचं, उधारी मी करायची, आणि टार्गेट पुरं झालं म्हणून कंपनीने विमानात कुणाला बसवायचं, तर कृषी सेवा केंद्राच्या मालकाला. आमच्या साडूंचं असं केंद्र आहे. ते दोनदा थायलंडला जाऊन आले. त्यांच्या पासपोर्टावरचे ते शिक्के माझ्या टोमॅटोवरच्या करप्याचे आहेत, याची आठवण मी त्यांना दर पाडव्याला करून देतो.

गेल्या वर्षी त्या बोलण्याला फळ आलं. कंपनीने या खेपेला परदेशाऐवजी गोवा दिला, पण दोन जोड्यांचा. साडूंचा फोन आला, "पाव्हणं, चला. तुमच्याच पॉइंटावर चाललोय म्हणा." आमच्या पिंपळवंडीहून पणजी पाचशे किलोमीटरच्या वर. डिसेंबरची थंडी. ऊसतोड चालू असल्यामुळे बिबट्या कुणाच्या गोठ्यात येईल याचा नेम नव्हता आणि मोटारीला थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. अंधारात एकट्याने पाणी धरायला जाणं हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा जुगार. त्याला कार्ड नाही की पॉइंट नाही. तो चार दिवस धाकट्या भावावर सोपवला आणि आम्ही गाडीत बसलो.

पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं नांगर टाकून उभी असतात. धक्क्यावरून लहान बोटीने तिथे नेऊन सोडतात. साडूंनी बोटीवरच्या पोराला विचारलं, "जहाज सुटतंय कधी?"

"सुटत नाही, सर. इथंच असतं."

"मग जहाज कशाला? बंगला बांधायचा की."

त्या पोराला उत्तर सुचलं नाही. उत्तर कायद्यात आहे. गोव्याचा सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा 1976 चा. 1992 साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत खेळायच्या मशिनी ठेवायला परवानगी दिली आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजावर पत्त्यांची टेबलं मांडायला मोकळीक मिळाली. जमिनीवर मशीन, पाण्यावर माणूस. म्हणून ते जहाज. गंमत अशी की महाराष्ट्रानेही त्याच 1976 साली कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवण्याचा कायदा केला होता. कायदा झाला, छापून आला, पण अंमलात कधी आलाच नाही. 2023 साली सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं एक कायदा पेटीत घडी घालून ठेवला होता आणि त्याची घडी न मोडता त्याला मूठमाती दिली. आमच्याकडे रोहयोच्या विहिरीची फाईल एवढी जुनी झाली तर तिच्यात पाणी लागलेलं असतं.

दारात आधार कार्ड मागितलं. 21 वर्षांखालच्या कुणाला आत सोडत नाहीत; आमच्या चौघांपैकी कुणावर तसा संशय घेतला गेला नाही. शिवाय फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे आधार बघायचं ते हा माणूस इथला नाही ना, याची खात्री करायला. जन्मभर 'मुक्काम पोस्ट पिंपळवंडी, तालुका जुन्नर' लिहून जे भाग्य लाभलं नव्हतं ते तिथे लाभलं. पत्ता वाचून बाई हसली आणि "वेलकम, सर" म्हणाली.

मग निघालं कार्डाचं. खेळणाऱ्यांसाठी सभासद कार्ड असतं, खेळाल तसे पॉइंट जमतात, पॉइंटांवर जेवण, खोली, भेटवस्तू. कार्डासाठी फोटो जुळायला हवा. माझ्या आधारवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा, मिशीवाला आणि ओल्या कोंबडीसारखा. हिचं मात्र सगळं लखलखीत होतं, कारण सप्टेंबरात लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा हुकूम निघाला तेव्हा हिने दोन दिवस रांगेत बसून आधार, मोबाईल, फोटो, अंगठा सगळं अद्ययावत करून घेतलेलं. काउंटरवरच्या बाईने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला. "सर, कपलचं एक कार्डही होतं. मॅडमच्या नावाने करू. तुम्ही खेळा, पॉइंट मॅडमच्या खात्यात जमा होतील."

हे वाक्य ऐकायला मी पाचशे किलोमीटर आलो होतो.

साडूंनी मात्र दोन वेगळी कार्डं काढली. ते व्यापारी माणूस. "जोडीचं एक काढलं की वरच्या पायरीला लवकर पोचतो, पण पहिल्यांदा मिळणारी भेट माणशी असते. म्हणून आज वेगळं, पुढच्या खेपेला एकत्र करू." मी थक्क झालो. हे शास्त्र गावात आम्हाला रेशनकार्डावरून पाठ आहे. एकत्र राहायचं, एका चुलीवर जेवायचं, पण विभक्त शिधापत्रिका काढून ठेवायची, कारण उद्या घरकुल आलं तर! उलट पीएम किसानला नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरतात. तिथे दोघांच्या नावावर जमीन असली तरी दोन हजारांचा हप्ता एकच. सरकार कुठे जोडतं आणि कुठे तोडतं, हे ज्याला कळलं त्याला कुठल्याही कॅसिनोत अवघड जाणार नाही.

प्रवेशाच्या पॅकेजमध्ये थोड्या चिपा फुकट मिळतात. या चिपांना तिथे 'ओटीपी' म्हणतात, म्हणजे वन टाइम प्ले. एकदाच लावायच्या, त्यांचे पैसे करून मिळत नाहीत. टेबलावरच्या पोराने हिला नम्रपणे विचारलं, "मॅडम, ओटीपी?" हिने चिपांची मूठ घट्ट आवळली.

"अहो, ओटीपी मागतोय हा. कुणाला सांगायचा नसतो ना?"

बँकेने सात वर्षं मेसेज पाठवून जी जागृती केली ती मांडवी नदीत अशी कामाला आली. त्या पोराला समजवायला आणि हिला समजवायला मिळून पाच मिनिटं गेली. तेवढ्यात शेजारचे दोघं जण चार-चार हजार हरून उठून गेले होते. मला वाटतं, त्या रात्री त्या टेबलावर सर्वांत किफायतशीर पाच मिनिटं तीच.

मी रुलेटवर बसलो. आमच्या पिढीला आकडा नवा नाही. कल्याणजी भगतांचा मटका 1962 चा, रतन खत्रींचा 1964 चा. ओपन-क्लोज हे दोन इंग्रजी शब्द आमच्या भागात शाळेआधी पोचले. मटक्याच्या एकेरी आकड्याला दहाचे नव्वद मिळायचे, आकडे दहा. म्हणजे शंभरामागे दहा रुपये घराचे, म्हणजे खेळवणाऱ्याचे. रुलेटच्या चाकावर शून्य ते 36 असे 37 आकडे, एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर 35 पट. यात घराचे शंभरामागे 2 रुपये 70 पैसे निघतात. दुहेरी शून्याचं चाक असेल तर सव्वापाच. ऐकायला मटक्यापेक्षा पुष्कळ सज्जन. फक्त मटका दिवसातून दोनदा निघायचा आणि हे चाक दर दीड मिनिटाला फिरतं. शिवाय चिप विकत घेतानाच सरकारचा जीएसटी लागतो, पूर्वी 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40. म्हणजे चाकाला हात लागायच्या आधी पहिला डाव दिल्लीने जिंकलेला असतो.

माझ्या मागे सुटाबुटातला एक मनुष्य उभा होता. तो माझ्याकडे बघायचा, चिपांकडे बघायचा आणि कार्डाचा नंबर घेऊन काहीतरी नोंदवायचा. हिची नजर खेळावर नव्हतीच, त्याच्यावर होती. शेवटी हिने विचारलंच.

"दादा, तुम्ही काय लिहिताय?"

तो मराठी निघाला, सावंतवाडीकडचा. त्याने न कंटाळता सांगितलं. माणूस एका डावाला सरासरी किती लावतो हे नजरेने अंदाजायचं. तासाला साधारण किती डाव होतात, तो किती वेळ बसला आणि त्या खेळात घराचा हिस्सा किती, यांचा गुणाकार करायचा. समजा सरासरी 500 रुपये, तासाला 40 डाव, दोन तास. झाले 40,000 रुपये लावून. त्याचे 2.7 टक्के म्हणजे 1,080. हिशेबाने तुम्ही 1,080 रुपये हरायला पाहिजे होतात. त्यातला काही भाग पॉइंट म्हणून परत.

"आन हे खरंच किती हरले ते नाही मोजत?"

"नाही, मॅडम. दहा हजार हरू देत नाहीतर पाच हजार जिंकू देत, पॉइंट 1,080 वरच."

ही माझ्याकडे वळली. हिच्या तोंडावर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता. "अहो, ही तर नजर पैसेवारी!"

वाचकांत शहरातले कोणी असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. पीक किती आलं हे सरकार आधी नजरेने ठरवतं, मग सुधारित पैसेवारी येते, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती. तुमच्या वावरात खरोखर काय उगवलं आणि काय कुजलं याच्याशी या आकड्याचा संबंध दूरच्या भावकीइतकाच असतो. माणूस बांधावर येतो, नजर टाकतो, लिहून घेतो. मांडवीवरच्या त्या सुटाबुटातल्या माणसात हिला आमच्या तलाठ्याचं दर्शन झालं. फरक इतकाच की हा रात्री दीड वाजता प्रत्यक्ष जागेवर हजर होता.

म्हणजे पॉइंट हे बक्षीस नव्हेच. ती झालेल्या नुकसानीच्या पंचनाम्याची पोच आहे. हे कळल्यावर माझा खेळातला जीव निम्मा गेला आणि हिचा कार्डातला जीव दुप्पट झाला. "तुम्ही बसा निवांत," ही म्हणाली, "अजून तासभर बसलात तर पॉइंट वाढतील." बावीस वर्षांच्या संसारात मला निवांत बस असं हिने पहिल्यांदा सांगितलं.

ही कार्डाची कल्पना अमेरिकेतली. अटलांटिक सिटीत 1980 च्या दशकात ती रुळली. पुढे हाराज नावाच्या कंपनीने 1998 साली हार्वर्डचा एक प्राध्यापक नोकरीला आणला आणि गिऱ्हाइकाच्या कार्डावरच्या नोंदींचं त्याने शास्त्र करून टाकलं. कोण किती खेळतो, कधी कंटाळतो, कशाने परत येतो. त्याचं नाव गॅरी लव्हमन. नवरा-बायकोच्या कार्डाचा अभ्यास करायला यापेक्षा योग्य आडनावाचा माणूस मिळणं कठीण. लास व्हेगासला बऱ्याच ठिकाणी नवरा-बायकोला एकाच खात्याची दोन कार्डं देतात. दोघं दोन टोकांना बसून हरतात आणि पॉइंट एकाच रांजणात पडतात. मशिनीवर खेळणारे लोक तिथे कार्डाला पिळाची दोरी लावून तिचं दुसरं टोक अंगावरच्या कपड्याला अडकवतात, कार्ड मशिनीतच विसरू नये म्हणून. म्हणजे दाव्याचं एक टोक खुंट्याला आणि दुसरं जनावराला. दोरी लांबेल तेवढंच चरायचं.

साडूंच्या टेबलावर निराळाच अभ्यास चालला होता. ते तीन पत्तीत सुरुवातीला नऊ हजार जिंकले. लांबूनच ओरडले, "पाव्हणं, मी जिंकलो!" त्यांच्या बायको, म्हणजे अक्का, शेजारी उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. तासाभराने ते नऊ हजार गेले, वर खिशातले सात हजार गेले. मी जवळ गेलो तेव्हा ते अक्कांना हळूच सांगत होते, "आपण हरलो गं."

मराठी भाषेची थोरवी मला त्या जहाजावर पटली. जिंकताना 'मी'. हरताना 'आम्ही' सुद्धा नाही, कारण 'आम्ही'तून ऐकणारा सुटून जातो. 'आपण' म्हटलं की समोरचा त्यात आला. इंग्रजीत या दोन्हीला एकच शब्द आहे, म्हणून त्यांना कार्डावर दोन नावं छापावी लागतात. आपल्याकडे एका सर्वनामात काम होतं.

आमच्या बैलगाड्यांच्या घाटात हा पेच जुनाच आहे. एक बैल एका मालकाचा, दुसरा दुसऱ्याचा, दोन्ही एका गाड्याला जुंपून बारी पळवायची. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये शर्यतींवर कायमची मोहोर उठवल्यापासून बक्षिसाला मोटारसायकल काय, ट्रॅक्टर काय. गाडा पहिल्या नंबरात आला की लाऊडस्पीकरवर दोघांची नावं घेतात आणि मोटारसायकल मात्र अर्धी करता येत नाही. मागे पडला की कुणाचा बैल कमी पडला, यावर चावडीत पुढच्या यात्रेपर्यंत चर्चा. जोडी पळते एक आणि हिशेब असतात दोन.

जोडप्याने जुगार खेळण्यालाही कमीपणा मानायचं कारण नाही. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतातच, आणि वेरूळच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. पोराच्या सहलीबरोबर गेलो होतो तेव्हा तिथल्या वाटाड्याने सांगितलं, पार्वती जिंकून उठायला निघालीय आणि शंकर तिला धरून आणखी एक डाव मागतोय. तेव्हा मला ती कोरीव कामाची कमाल वाटली होती. जहाजावर पहाटे तीनला मी "शेवटचा एकच" म्हणत हिच्या पदराला हात घातला तेव्हा ती बातमी वाटली.

आणि एकत्र खात्याचं म्हणाल तर आमच्या जुन्नर तालुक्यासारखं जुनं उदाहरण कुठे मिळायचं नाही. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेने कोरून घेतलेला लेख आहे. कुठले कुठले यज्ञ केले आणि कशाला काय दक्षिणा दिली, गाई किती, घोडे किती, हत्ती, कार्षापण, सगळा जमा-खर्च दगडावर. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे पुण्याच्या पॉइंटांचं स्टेटमेंटच. तिथे पूर्वी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वरची नावं राहिली. त्यात राजा सातकर्णी आणि राणी यांची नावं एकाच ओळीत आहेत आणि राणीचं नाव आधी आहे. हे मी हिला कधी सांगितलेलं नाही. सांगण्याची गरजही दिसत नाही.

आता आमचा निकाल. मी साडेसहा हजार हरलो. साडू सात हजार, अक्का अठराशे. हिने ते जपून ठेवलेले ओटीपी पहाटे कसेबसे सोडले, अंदर-बाहरवर, आणि तेही 'अंदर म्हणजे घरात, घरातलं बरं' एवढ्याच अभ्यासावर. लागलं. दुसऱ्यांदा लावलं, लागलं. 1,500 रुपये झाले. तिथेच उठली आणि जिंकलेल्या चिपा थेट खिडकीवर जाऊन रोख करून आणल्या. मी म्हटलं, "चला, आपण जिंकलो."

"आपण नाही," ही म्हणाली. "लाडकीचा हप्ता आला समजा."

आणि माझ्या साडेसहा हजारांचे पॉइंट? ते हिच्या कार्डावर जमा. परतीच्या गाडीत साडू आणि अक्का दोन कार्डांवरचे पॉइंट एकत्र करता येतील का, यावर कराडपर्यंत भांडले आणि साताऱ्यापासून बोलेनासे झाले. आम्हाला भांडायला विषयच नव्हता. एकाने हरायचं, एकाने मोजायचं, इतकी स्वच्छ वाटणी भावाभावांत तालुक्याच्या मोजणी अधिकाऱ्यालाही करून देता येत नाही.

रस्त्यात मी हिला एकदा म्हटलं, की झालं ते झालं, पण साडेसहा हजार म्हणजे टोमॅटोची किती कॅरेट? आमच्याकडे क्रेटला कॅरेट म्हणतात. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं तेव्हा हा शब्द सोनाराच्या अर्थाने वापरला तरी चालत होता. त्या भावाने तीन-सव्वातीन कॅरेट. पण आम्ही असेही हंगाम पाहिलेत की तोडणीची मजुरी अंगावर येते म्हणून लाल टोमॅटो बांधावर ओतले आणि शेळ्यांनीही दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. त्या भावाने साडेसहा हजारांत अख्खा टेम्पो भरेल. हिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्यांच्याकडं निदान पोच तरी देतात."

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

मग फोन सुरू झाले. पहिला आला तो ही टोमॅटोच्या रोपांना पाणी सोडत होती तेव्हा. हात चिखलाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकून बांधावर ठेवलेला. पलीकडून मधाळ आवाज, हिंदीतून. मॅडम, आपण आमच्या खास पाहुण्या आहात, आपल्यासाठी दोन रात्री मुक्काम मोफत, जेवण मोफत, फक्त येण्याचं कळवा. खुरपणीला आलेल्या चार बायका खुरपी टाकून ऐकायला लागल्या. हिने शांतपणे विचारलं, "येण्या-जाण्याचं भाडं?" ते आपलं. "आन आमच्या ह्यांनी नाही खेळलं तर चालंल?" पलीकडे जरा शांतता झाली. "मॅडम, सर थोडं खेळले तर बरं." हिने बारं बदलत निर्णय दिला, "मग सर रिकामे झाले की कळवते."

त्या दिवसापासून गावात हिचा मान वाढला. किराणावाला ताई म्हणायचा, तो मॅडम म्हणतो. बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, आम्हालाही असं कार्ड निघेल का? हिने सांगितलं, निघेल, पण घरात हरणारा माणूस लागतो. त्यावर म्हणे सगळ्यांनी मिळून हात वर केले.

कार्ड सध्या देवघराच्या खणात आहे, गॅसच्या पुस्तकाखाली. त्यावर 214 पॉइंट आहेत आणि 31 मार्चला त्यांची मुदत संपते. दोघांचं एक वेळचं जेवण त्यात सहज बसतं. कुणी गोव्याला निघालं असेल तर खुशाल मागावं, पण एक अडचण आहे. कार्ड दुसऱ्याच्या हाती चालत नाही, ज्याचं त्यालाच आधारसकट यावं लागतं. म्हणजे कार्ड न्यायचं तर हिला न्यावं लागेल, आणि हिच्या टोमॅटोची तारकाठी सुरू झालेली आहे.